घटक ५ : रोजचे काम, ईश्वरसेवा आणि शेजारी
(नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती अनुभवाच्या आधारे)

५.१ प्रस्तावना

मनुष्य पोटासाठी जे काम करतो, त्याचा ईश्वराशी काही संबंध असतो काय, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे. वारकरी संतांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर तुमच्या परिचयाचे आहे. सावता माळ्याला मळ्यात, गोरोबांना चिखलात आणि जनाबाईंना जात्याशी विठ्ठल भेटला, ही चित्रे मराठी मनात खोलवर रुजलेली आहेत. ख्रिस्ती परंपरेनेही हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर वेगळ्या वाटेने शोधले. ते उत्तर महाराष्ट्रात आले तेव्हा त्याची गाठ बलुतेदारीशी पडली. ही गाठ अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते. म्हणून या घटकासाठी आपण हा जिल्हा आणि त्यातही पारनेर तालुका निवडला आहे.

हा प्रश्न तुम्हाला परका वाटू नये. तुमच्यापैकी अनेकजण दिवसा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, शेतात, दुकानात किंवा अंगणवाडीत काम करतात आणि घरचे आवरून झाल्यावर ही पुस्तिका उघडतात. 'काम हीच पूजा' हे वाक्य तुम्ही कारखान्याच्या भिंतीवर वाचले असेल. ते वाक्य खरे केव्हा असते आणि केव्हा ते कामगाराला गप्प बसवण्याचे साधन होते, हे ओळखता येणे हे या घटकाचे प्रमुख उद्दिष्ट होय.

५.२ तीन शब्द : सेवा, पाचारण, वेठ

साहित्याच्या विद्यार्थ्याने शब्दांपासून सुरुवात करावी. मराठीत 'सेवा' हा शब्द देवाच्या पूजेलाही लागतो आणि नोकरीलाही. देवळात सेवा रुजू होते, कचेरीत 'सेवापुस्तक' ठेवले जाते आणि वय झाले की माणूस 'सेवानिवृत्त' होतो. हिब्रू भाषेतील 'अवोदा' या शब्दाचेही असेच आहे. शेतातील राबणे, मालकाची चाकरी आणि मंदिरातील उपासना हे तिन्ही अर्थ त्यात येतात. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या माणसाला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवले, असे सांगितले आहे. तेथील क्रियापद याच धातूचे आहे. म्हणजे या ग्रंथाच्या दृष्टीने श्रम हे मुळात पापाची शिक्षा म्हणून आलेले नाहीत. घाम आणि काटे नंतर आले. काम आधीपासूनच होते.

दुसरा शब्द 'पाचारण'. मराठी ख्रिस्ती लेखनात तो बोलावणे या साध्या अर्थापलीकडे गेलेला आहे. देवाने माणसाला ज्या जीवनासाठी हाक मारली ते जीवन, असा त्याचा अर्थ होतो. उपदेशकाला पाचारण असते हे कोणीही मान्य करील. शिंप्याला, दाईला, हमालाला पाचारण असते काय, हा खरा वादाचा मुद्दा.

तिसरा शब्द आपल्या मातीतला आहे. 'वेठ' म्हणजे मोबदल्याविना, सक्तीने करावे लागणारे काम. त्यावरून 'वेठ मारणे' हा वाक्प्रचार आला आणि त्याचा अर्थ झाला काम कसेबसे उरकणे. 'पाट्या टाकणे' हाही त्याच कुळातला. या वाक्प्रचारांत एक मोठे सामाजिक निरीक्षण दडलेले आहे. सक्ती असली की मन कामातून निघून जाते, हे मराठी माणसाने अनुभवाने जाणले आणि भाषेत नोंदवून ठेवले. आळशीपणाला नावे ठेवताना आपण हा वाक्प्रचार सहज वापरतो. तेव्हा त्यातल्या वेठीचा आपल्याला विसर पडतो.

५.३ बायबलमधील आधार आणि त्यातील अडचण

येशू हा सुतार होता, असे मार्कच्या शुभवर्तमानात त्याच्या गावचे लोक म्हणतात. ते कौतुकाने म्हणत नाहीत. हा तर आपल्यातला सुतार, याला ही विद्या कोठून आली, असा त्यांचा रोख आहे. प्रेषित पौल तंबू करण्याचा व्यवसाय जाणत होता आणि करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला या त्याच व्यवसायातील दांपत्याच्या घरी राहून त्याने काम केले, असे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे. हातकाम हे नागरिकाला न शोभणारे असे मानणारा एक प्रबळ विचार ग्रीक-रोमन जगात होता. त्या जगात ही उदाहरणे लहान नाहीत.

आता अडचणीकडे वळू. कामाविषयीच्या ख्रिस्ती उपदेशात सर्वांत अधिक वापरले जाणारे वचन कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. जे काही करावयाचे ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी समजून जिवेभावे करावे, असा त्याचा आशय. हे वचन सुटे वाचले तर ते कोणालाही प्रेरक वाटेल. परंतु संदर्भ उघडून पाहा. हा परिच्छेद दासांना उद्देशून आहे. जो माणूस आपले काम निवडू शकत नाही, ते सोडू शकत नाही आणि ज्याला त्याचा मोबदलाही मिळत नाही, त्याला हे सांगितलेले आहे.

याचे दोन अर्थ लावता येतात. एक अर्थ असा की, मालकाच्या नजरेपलीकडे पाहणारा कोणी आहे, तेव्हा दासाचे श्रमही वाया जात नाहीत. ज्याला समाजाने वस्तू मानले त्याला येथे माणूस म्हणून संबोधले आहे. दुसरा अर्थ मालकाच्या सोयीचा आहे : मुकाट्याने राब, हेच देवाला आवडते. पुढल्याच अध्यायाच्या आरंभी धन्यांनाही बजावले आहे की, दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. हे दुसरे वाक्य पहिल्याइतके उद्धृत केले जात नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोणते वचन किती वेळा सांगितले जाते आणि ते कोण कोणाला सांगतो, यावरून त्याचा समाजातील अर्थ ठरतो.

याच संदर्भात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला अवश्य वाचावा. धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो, मग पुन्हा दिवसभरात अनेकदा जातो. दिवस कलल्यावरही काही माणसे तेथे उभीच असतात. का उभे आहात, या प्रश्नाला ती सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावले नाही. तालुक्याच्या गावी सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभे राहिलेल्याला या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेवटी आलेल्यांनाही धनी पूर्ण दिवसाचे मोल देतो आणि पहाटे आलेले कुरकुर करतात. दाखल्याचा रूढ अर्थ ईश्वरी कृपेशी निगडित आहे, तो आपल्याला डावलायचा नाही. पण उशिरा काम मिळालेल्याच्या घरीही चूल एका दिवसाचीच पेटायची असते, ही गोष्टही दाखल्यात आहे. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, अशी प्रतिमा आहे.

५.४ ल्यूथर आणि शेजारी

मध्ययुगीन युरोपात 'पाचारण' हा शब्द मुख्यतः मठवासी व धर्मगुरू यांच्यापुरता राखून ठेवला जाई. मठातही श्रम होते. बेनेडिक्टच्या नियमावलीने प्रार्थनेच्या जोडीला हातकाम ठेवले होते. तरी संसारी माणसाचे काम खालच्या पायरीवरचे मानले गेले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ही पायरी काढून टाकली. त्याच्या विचाराचे सार असे सांगितले जाते की, देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. देव माणसाला अन्न देतो ते शेतकऱ्याच्या, गवळणीच्या आणि भटारखान्यातील माणसाच्या हातून. म्हणून यांपैकी प्रत्येकाचे काम हे पाचारण ठरते.

या विचाराची ताकद 'शेजारी' या शब्दात आहे. कामाचे मोल करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर ज्याच्यासाठी ते केले त्याच्या गरजेवरून ठरते. पण ल्यूथरची मर्यादाही याच ठिकाणी आहे. ज्याने त्याने आपल्या जागी राहून सेवा करावी, या भूमिकेमुळे त्याला जागा बदलू पाहणाऱ्यांचे दुःख उमगले नाही. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा तो राजेरजवाड्यांच्या बाजूने उभा राहिला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत राहावे, असे म्हटले आहे. तेथेच पुढे दासाला स्वतंत्र होता येत असेल तर काय करावे, याविषयी एक वाक्य आहे आणि मूळ ग्रीकमध्ये ते इतके संदिग्ध आहे की भाषांतरकारांनी त्याचे परस्परविरुद्ध अर्थ लावले आहेत. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये या पाचारणकल्पनेचा संबंध भांडवलशाहीच्या उदयाशी जोडला. तो वाद समाजशास्त्राच्या पुस्तिकेत सापडेल, येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

५.५ नगर जिल्हा : जन्माने मिळालेले काम

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे पारनेर, राहुरी, नेवासे आदी भागांत शाळा व मंडळ्या निघाल्या. १८४२ मध्ये नगरलाच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. सिंथिया फॅरार या शिक्षिकेच्या नगरमधील मुलींच्या शाळांचा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या कार्याशी असलेला संबंध तुम्हाला ठाऊक असेल. जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मातंग समाजांतून आलेली आहेत आणि आपल्या प्रश्नाला धार येते ती येथे.

गावगाड्यात महाराचे काम कोणते होते? गावाची वेस राखणे, सारा वसुलीच्या वेळी माणसे बोलावून आणणे, सरकारी टपाल व सामान पुढच्या गावी पोचवणे, दवंडी, मेलेली जनावरे ओढणे. या कामांचा मोबदला बलुत्याच्या आणि वतनी जमिनीच्या रूपाने मिळे; पण कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि नकार देण्याची मुभा नव्हती. दया पवार यांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हे नाव दिले त्यामागे हाच अनुभव आहे. तेही याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले.

अशा माणसापुढे 'तुझे रोजचे काम हे देवाने दिलेले पाचारण आहे' हे वाक्य ठेवून पाहा. युरोपातल्या गवळणीला ज्या वाक्याने मान मिळाला, त्याच वाक्याने येथे बेडी आणखी घट्ट झाली असती. जातिव्यवस्थाही वेगळे काय सांगत होती? आपापले विहित कर्म करा, त्यातच तुमचे कल्याण आहे, असेच ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि ती माणसाच्या आवडीवर वा कुवतीवर आधारलेली नाही. हा मुद्दा त्यांनी हिंदू समाजरचनेविषयी मांडला होता. पण कामाला पवित्र म्हणणाऱ्या कोणत्याही शिकवणुकीला तो कसोटीसारखा लावता येतो.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी यावर काय उत्तर दिले, हे त्यांच्या कृतीतून वाचावे लागते. ग्रामदेवतेच्या उत्सवाशी जोडलेली कामे नव्या श्रद्धेत बसत नव्हती आणि ती नाकारली की बलुत्याचा हक्क अडचणीत येई. श्रद्धेचा प्रश्न असा थेट धान्याच्या प्रश्नाला भिडत होता. म्हणजे या लोकांसाठी पाचारणाचा पहिला अर्थ 'आहेस तेथे राहून सेवा कर' असा नव्हताच. 'हे काम तुझ्या जन्माला चिकटलेले नाही' असा होता. सेवेचा प्रश्न त्यानंतरचा.

मिशनने काढलेल्या औद्योगिक शिक्षणाकडे या दृष्टीने पाहावे. नगरच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकाम, धातुकाम यांसारखे धंदे शिकवले जात. डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने तेथेच सुधारित हातमाग तयार केला. महाराच्या मुलाने रंधा हाती घेणे ही आज साधी गोष्ट वाटते. पण सुतारकी हे सुताराचे बलुते होते आणि रंधा धरणारा हात कोणाचा असावा हे जन्माने ठरत होते. त्या रंध्याने लाकडाबरोबर आणखीही काही सोलले गेले. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. गावाच्या ताब्यातून सुटलेला माणूस पुष्कळदा मिशनच्या पगारावर अवलंबून राहिला. शिक्षक, उपदेशक, आया, स्वयंपाकी अशी कामे मिशनमधून मिळत आणि मालक बदलला तरी आर्जव करण्याची सवय बदलायला वेळ लागला.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाचे उदाहरण येथे जोडून घ्यावे. ते केडगाव म्हणजे पुणे जिल्ह्यातले, नगरजवळचे नव्हे. परीक्षेत हा घोटाळा नेहमी होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी आश्रय दिलेल्या मुली व विधवा तेथे शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. त्याची छपाई या स्त्रियांच्या हातून झाली. ज्यांना घराने ओझे मानले त्यांनी शिशाचे खिळे जुळवून एक संपूर्ण धर्मग्रंथ उभा केला. कामाने माणूस ईश्वराची सेवा करतो, या विधानाचा याहून शब्दशः पुरावा मराठीत क्वचितच मिळेल.

हातकाम आणि ग्रंथकाम यांच्यातील भिंत आपल्याकडे किती पक्की होती, हे आणखी एका नावावरून ध्यानात येईल. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम कॅरे हा इंग्लंडमध्ये जोडे शिवणारा कारागीर होता. श्रीरामपूरला (बंगालमधील, आपल्या जिल्ह्यातील नव्हे) वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीचा अभ्यास केला. एक चांभारकाम करणारा माणूस आणि एक पंडित एका मेजाशी बसून मराठीची रूपे लावत आहेत, हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणा.

५.६ टिळक दांपत्य : पगार आणि पाणी

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर जिल्ह्यात गेला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. कीर्तन, भजन, अभंग ही देशी रूपे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. पगार घेऊन केलेली सेवा ही सेवाच, की ती नोकरी? टिळकांना हा प्रश्न आयुष्याच्या अखेरीस बोचू लागला होता. तो त्यांनी आपल्या पुरता सोडवला. पण संन्यास हे उत्तर सगळ्यांना परवडणारे नसते आणि ज्याला गावाने आजवर मोबदला नाकारला त्याला पगाराचा त्याग करायला सांगणे हा अन्याय होईल.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्यात धर्मतत्त्वांची चर्चा थोडी आणि स्वयंपाक, पाणी, पाहुणे, आजारपण, उसनवारी यांची हकिगत फार. पतीच्या धर्मांतरानंतर सोवळे सांभाळणारी ही स्त्री हळूहळू, एकेक पायरी उतरत, कोणाच्याही हातचे पाणी घेण्यापर्यंत येते. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा करते, पोरक्या मुलांना घरात घेते. आमच्या मते, या घटकाचा सर्वांत चांगला पाठ हेच पुस्तक आहे, कारण त्यात 'शेजारी' हा शब्द तत्त्वज्ञानातून उतरून ओसरीवर येऊन बसतो. ते वाचताना एक लहानसा प्रयोग करा. लक्ष्मीबाई स्वतःच्या कामांना कोठे कोठे 'सेवा' म्हणतात आणि कोठे नुसते काम म्हणतात, याची पेन्सिलीने खूण करीत जा.

५.७ पारनेर : दोन तुलना

पारनेर तालुक्यातील पिंपळनेर हे संत निळोबारायांचे समाधिस्थान. तुकोबांच्या परंपरेतील हे संत व्यवसायाने कुलकर्णी होते. परंपरा सांगते की, ते पूजेत असताना सरकारी कामाचे बोलावणे आले आणि पूजा सोडून जावे लागल्याची खंत वाटून त्यांनी कुलकर्णीपणाचे दफ्तर परत केले. दप्तरात देव दिसला असे त्यांनी म्हटले नाही, त्यांनी दप्तरच खाली ठेवले. सावता माळी आणि निळोबाराय हे एकाच संप्रदायातले. पण कामाविषयी त्यांचे निर्णय भिन्न आहेत. टिळकांचा १९१७ चा निर्णय निळोबारायांच्या अंगाने जातो. वारकरी एका बाजूला आणि ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला अशी सोपी मांडणी येथे चालत नाही. दोन्ही परंपरांत दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

दुसरी तुलना सेनापती बापटांची. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म पारनेरचा, १२ नोव्हेंबर १८८० चा. मुळशी सत्याग्रहाचे हे सेनापती हातात झाडू घेऊन रस्ते साफ करीत, हे सर्वश्रुत आहे. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या कृतीमागची प्रेरणा वेगळी होती. तरीही शेजाऱ्याची सेवा म्हणून केलेले काम याचे हे आपल्या तालुक्यातील ठळक उदाहरण आहे आणि म्हणूनच त्याकडे नीट पाहिले पाहिजे. विलायतेला शिकून आलेल्या ब्राह्मणाने झाडू हाती घेतला तेव्हा लोकांनी हात जोडले. त्याच रस्त्यावर, त्याच प्रकारचा झाडू, ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या हातीही तोच होता अशा माणसाच्या हाती असता तर कोणी वळूनही पाहिले नसते. कचरा दोघांनी सारखाच काढला. शेजाऱ्याला सेवाही सारखीच मिळाली. फरक एवढाच की, बापटांना झाडू खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य होते. बापटांच्या कृतीचे मोल यामुळे घटत नाही. उलट हे काम कोणाच्या जन्माला बांधलेले नाही, हे दाखवण्यासाठीच ते केले गेले, असे म्हणता येते. पण दुसऱ्या माणसाला 'तुझेही काम तितकेच पवित्र' असे सांगण्यापूर्वी त्याच्या हातातला झाडू त्याच्या मर्जीचा आहे काय, हे विचारणे भाग आहे.

हा बदल प्रवचनांनी झाला नाही, त्यासाठी कायदा लागला. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने.

५.८ विसावा

ख्रिस्ती श्रमविचाराची एक बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. बायबलच्या दहा आज्ञांत सातव्या दिवसाच्या विसाव्याची आज्ञा आहे आणि ती केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना त्या दिवशी काम नाही. काम पवित्र असेल तर न थांबता करावे, हा निष्कर्ष त्यामुळे बाद होतो.

पारनेरसारख्या कोरडवाहू तालुक्यातून पोटासाठी मुंबईला जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. त्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार होताच. पण लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार म्हणूनही मागितला. ज्या तालुक्यात पिंपळगाव रोठ्याचे कोरठण खंडोबा आहेत तेथील वाचकाला ही मागणी लगेच पटेल. दोन धर्मांचे दोन रविवार एकाच मागणीत आले आणि कामगाराची पाठ आठवड्यातून एकदा जमिनीला टेकली.

५.९ 'सेविका' आणि 'मानधन'

आता वर्तमानात येऊ. आपल्या गावातील अंगणवाडी चालवणाऱ्या स्त्रीला आपण 'सेविका' म्हणतो, घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांची व बाळांची नोंद ठेवणाऱ्या आशाताईंना 'स्वयंसेविका'. त्यांना मिळणाऱ्या पैशाला 'वेतन' म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. शब्द किती सुंदर आहेत! मान आणि धन, दोन्ही एका शब्दात. पण वेतन म्हटले की किमान वेतन, रजा, निवृत्तिवेतन हे सारे मागता येते. मानधन म्हटले की मागण्याची भाषाच अवघडून जाते. सेवा करणारीने मोबदल्याचा हट्ट कसा धरावा, असा संकोच त्या शब्दातच पेरलेला आहे. या स्त्रिया मोर्चे काढतात तेव्हा त्या आपल्या कामाचे पावित्र्य नाकारत नसतात. ल्यूथरच्या कसोटीने पाहिले तर शेजाऱ्याच्या इतक्या जवळचे काम दुसरे नाही. त्यांचे म्हणणे याकोबाच्या पत्रातल्या मजुरांच्या जवळचे आहे.

एकाच कामाकडे असे दोन बाजूंनी पाहावे लागते. काम करणारी स्वतः त्याला ईश्वराची सेवा म्हणते तेव्हा तो तिचा अधिकार आणि तिचे बळ असते. तिच्याकडून काम करून घेणारा तेच शब्द वापरतो तेव्हा कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातले धन्यांविषयीचे वाक्य त्याला वाचून दाखवावे.

५.१० स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी सुमारे १५० शब्दांत लिहा.
१. 'सेवा' या मराठी शब्दाच्या अर्थच्छटा सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'पाचारण' ही कल्पना युरोपात मुक्तिदायी ठरली, पण गावगाड्यात ती जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे होते, असे का म्हटले आहे?
३. निळोबारायांनी दफ्तर परत करणे आणि टिळकांनी पगार सोडणे, या दोन निर्णयांतील साम्य व भेद सांगा.

(आ) क्षेत्रीय कार्य. आपल्या गावातील किंवा वस्तीतील वयाने ज्येष्ठ अशा दोन व्यक्तींशी बोला. एक अशी, जिने घराण्याचे परंपरागत काम सोडले आणि दुसरी अशी, जिने ते चालू ठेवले. काम सोडताना वा राखताना घरात काय बोलणे झाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बोलीतील शब्द प्रमाणभाषेत बदलू नका. 'सेवा', 'नोकरी', 'धंदा', 'कष्ट', 'वेठ' यांपैकी कोणते शब्द त्यांनी आपणहून वापरले, याची वेगळी नोंद करा. व्यक्तींची खरी नावे लिहू नयेत. संपर्कसत्राला येताना ही टिपणे बरोबर आणावीत आणि त्यांच्याबरोबर तुमच्या स्वतःच्या कामाविषयीचे एक पानही असावे.